तोंड न लावलेल्या शिट्ट्या

'हो' म्हणणं म्हणजे अडकणं आणि 'नाही' म्हणणं म्हणजे भांडण ओढवून घेणं, अशी ज्या गृहस्थांची पक्की समजूत होती, त्यांना सगळे बघूशेठ म्हणत. चहा घेणार का? बघू. नवं मशीन घ्यायचं का? बघू. दाढ उपटताना डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय का?" तेव्हाही तोंडातल्या कापसातून त्यांनी "बघू" असंच उत्तर दिलं होतं. यातलं 'शेठ' मात्र वडिलार्जित होतं. वडिलांचा शिट्ट्यांचा लहानसा कारखाना त्यांच्याकडे आला तेव्हा टेबल, खुर्ची आणि फिरता पंखा यांच्याबरोबर शेठपणही आलं. पंखा सोडला तर बाकी सगळं त्यांना जरा मोठंच होत होतं.

कारखाना म्हणजे एक लांबट गाळा. पुढे टेबल, टेलिफोन आणि बघूशेठ. मध्ये पत्रा कापायचं आणि वाकवायचं प्रेस. मागे सांधे जोडायचं झाळकाम आणि पॉलिश. वर माळ्यावर खोकी. शाळेतले कवायतीचे मास्तर, रखवालदार, मैदानावरचे पंच यांच्या गळ्यात इथल्या शिट्ट्या लटकत असत. पण अलीकडे बाजारात प्लॅस्टिकच्या रंगीबेरंगी शिट्ट्या आल्या आणि पत्र्याच्या शिट्टीला कुणी विचारीना. दुपारनंतर प्रेस बंद राहू लागलं. मिस्त्री त्यावर फडकं टाकून शेजारी बसून राहायचा आणि संध्याकाळी बघूशेठकडे नुसतं पाहून घरी जायचा. तो काही बोलला असता तर एक वेळ परवडलं असतं. 

विक्रीचं काम बघूशेठच्या मेहुण्याकडे होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. देवानं बहिणीच्या नवऱ्याला घडवताना जो उत्साह हात राखून वापरला होता, तो सगळा याच्यात ओतला असावा. कुठलंही काम सांगा, याचं उत्तर ठरलेलं: "झालंच समजा!" गिऱ्हाइकांना तो फार आवडे. माल पोचवायची वेळ आली की मग ती गिऱ्हाइकं बघूशेठना शोधत येत.

तर एका सकाळी हा मेहुणा मोबाइल उंच धरून गाळ्यात शिरला.

"भावोजी, परदेशातून ऑर्डर आली!"

"कुणाला?"

"आपल्याला!"

बघूशेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आपण आहोत हे त्यांना कुणी सांगितलं?"

सांगितलं होतं अर्थातच मेहुण्यानं. भावोजींना न विचारता त्यानं वेबसाइट काढली होती. तिच्यावर कारखान्याचा म्हणून जो फोटो होता, त्यात अख्खी तीन मजली इमारत आली होती. म्हणजे शेजारचा गादीवाला, पलीकडचा टायरवाला आणि वरच्या मजल्यावरचा टायपिंग क्लास हे सगळे शिट्ट्याच बनवतात असं पाहणाऱ्याला वाटावं. खाली लिहिलं होतं, 'जगभर विश्वासाचं नाव'. या कारखान्याचा माल तोपर्यंत शहराबाहेर गेला असेल तर तो चुकीच्या पार्सलमधून.

पत्र पाठवणाऱ्या बाई एका लांबच्या डोंगराळ मुलखातल्या होत्या. तिकडे मुलं पायवाटेनं डोंगर चढून शाळेत जातात, आणि धुकं असं उतरतं की पुढचा माणूस दिसत नाही. वाट चुकली तर वाजवायला प्रत्येक मुलाच्या दप्तराला एकेक शिट्टी बांधायची, असं त्यांच्या संस्थेनं ठरवलं होतं. प्लॅस्टिकची थंडीत तडकते, म्हणून पत्र्याची हवी. शिट्ट्या हजारोंनी लागणार होत्या.

"झालंच समजा असं कळवून टाकलंय," मेहुणा म्हणाला.

बघूशेठच्या तोंडचं पाणी पळालं. पंचाची शिट्टी वाजली नाही तर फार तर गोल होतो. रखवालदाराची वाजली नाही तर तो ओरडतो. पण धुक्यात हरवलेल्या पोरानं शिट्टी तोंडाला लावली आणि नुसतीच हवा गेली तर? त्या दिवशी जेवताना त्यांना आमटीच्या वाफेतही ते पोर दिसू लागलं.

"अहो, घास हातात धरून काय बसलात?" बायकोनं विचारलं. कारखान्याचा पत्रव्यवहार तीच सांभाळायची, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. "घ्यायची की नाही ऑर्डर?"

"बघू."

"तुम्ही बघत बसा. तोवर तिकडचं धुकं निवळेल आणि पोरं म्हातारी होतील."

नमुने पाठवायचं ठरलं. नमुन्याच्या शिट्ट्या बघूशेठनी स्वतः निवडल्या. त्यांची तपासायची एक पद्धत होती. वडिलांच्या वेळेपासून प्रत्येक शिट्टी ते स्वतः फुंकून बघत. आधी हळू, मग जरा जोरात, मग पूर्ण दम लावून. मुळात त्यांची छाती बेताचीच. त्यांचा पूर्ण दम म्हणजे इतर माणसांचा उसासा. हळू फुंकल्यावर वाजली नाही ती शिट्टी ते बाजूला टाकत, आणि मिस्त्री ती उचलून, ठोकून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवी. हे रोजचंच होतं. संध्याकाळी त्यांचे ओठ सुजलेले असत, आणि बायको त्यांना गरम पदार्थ देत नसे.

नमुने गेले. बाईंचं उत्तर आलं, पसंत आहेत, करार पाठवते आहे. मेहुण्यानं करार आला त्या मिनिटाला सही ठोकून परत पाठवला. प्रेसवरचं फडकं निघालं. मिस्त्री चक्क शीळ घालत काम करू लागला. बघूशेठ सुजलेल्या ओठांनी शिट्ट्या फुंकू लागले, आणि सगळं इतकं सुरळीत चाललं की त्यांना काळजी वाटू लागली.

मधल्या काळात निर्यातीची परवानगी काढायची होती. यासाठी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कस्टमकाकांचा सल्ला घेतला गेला, म्हणजे त्यांनी तो जिन्यात अडवून दिला. काका कस्टममधून निवृत्त झाले होते. तिथे ते टेबलखुर्च्यांच्या दुरुस्तीचा विभाग सांभाळत, पण तेवढ्यानं काही बिघडत नाही. साहेब लोक जे बोलत ते सगळं त्यांनी टेबलाखालून ऐकलेलं होतं.

"विचारतील तेवढंच बोलायचं," काका म्हणाले. "जास्त बोललात की मेलात."

हा सल्ला बघूशेठना इतका मानवला की ते हुरूप येऊन कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "माल काय?"

"शिट्ट्या."

"वाद्य, खेळणं की पत्र्याचं सामान?"

"बघू."

"तुम्ही काय बघणार? मी विचारतेय. वाजतात का?"

"वाजतात."

"मग वाद्य. वरच्या मजल्यावर जा."

वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गाण्यातले दर्दी निघाले. "सूर किती निघतात?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"एका सुराचं कसलं आलंय वाद्य? मुलं वापरणार का?"

"हो."

"मग खेळणं. खाली जा."

खाली खेळण्यांच्या टेबलावर एक काटेकोर तरुण बसला होता. मुलानं शिट्टी गिळली तर काय, याचा दाखला त्याला हवा होता.

"खेळायला नाहीये ती," बघूशेठ काकुळतीला येऊन म्हणाले. "मूल हरवलं की मग वाजवायची."

"हरवलेलं मूल खेळणारच नाही, असं लिहून देता का?"

बघूशेठ विचारात पडले. खरंच, कुणी सांगावं? हा प्रश्न त्यांना पुढे कित्येक दिवस छळत राहिला. शेवटी त्यांना मोठ्या साहेबांपुढे उभं करण्यात आलं. साहेबांनी नमुन्याचं पुडकं फोडून एक शिट्टी काढली, तोंडाला लावली आणि जोरात फुंकली. अख्खी कचेरी गप्प झाली. बाहेरची रांग आपोआप सरळ झाली. जिन्यात विड्या ओढणारे दोघे जागेवर येऊन बसले. साहेबांनी शिट्टीकडे मोठ्या आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "सुरक्षा साहित्य." शिक्का बसला.

बघूशेठ घरी आले ते हवेत तरंगतच. बायको दारातच उभी होती. तिच्या हातात कराराचे कागद होते.

"अहो, हे तुम्ही वाचलंत?"

"त्यानं वाचलं असेल की."

"त्यानं? त्यानं स्वतःच्या लग्नाची पत्रिका वाचली नव्हती. चुकीच्या कार्यालयात जाऊन जेवून आला होता. ऐका. 'प्रत्येक शिट्टी वाजवून तपासलेली असावी.'"

"मग तपासतोच आहे."

"पुढे आहे. 'आणि एकाही शिट्टीला माणसाचं तोंड लागलेलं नसावं.'"

 कारखान्याच्या माळ्यावर भरून ठेवलेली खोकी बघूशेठच्या डोळ्यांसमोर आली. त्यातल्या एकूण एक शिट्टीला त्यांचं तोंड लागलेलं होतं, आणि तेही तीन तीन वेळा.

मेहुण्याला बोलावणं गेलं. तो आला, त्यानं ते कलम पाहिलं आणि खांदे उडवले. "त्यात काय? वाजवायची, पण तोंड लावायचं नाही. झालंच समजा."

"कसं?"

"ते तांत्रिक आहे, भावोजी. ते तुमचं खातं. आणि झालेल्या मालाचं म्हणाल, तर तुमचं तोंड लागलं हे कळणार कुणाला?"

"मला," बघूशेठ म्हणाले.

"आणि मला," बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको एका शब्दानं आपल्या बाजूला आली असं यापूर्वी कधी घडल्याचं बघूशेठना आठवत नव्हतं. या आनंदात ते हरखले असते, पण काळजीनं त्यांना तेवढी सवड दिली नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. शेजारचा गादीवाला म्हणाला, कापूस ओला करून पुसा. औषधांच्या दुकानदारानं स्पिरिट सुचवलं. ते आपल्याकडे भरपूर पडून आहे, हेही त्यानं सांगितलं. टायपिंग क्लासच्या बाई म्हणाल्या, मुळात इतक्या लांब माल पाठवण्याचं कारणच काय? कस्टमकाकांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"उकळा," ते म्हणाले. "वाफेपुढे जंतूचं काही चालत नाही. कुकर लावा!"

घरातला मोठा कुकर गाळ्यात आणला गेला. मिस्त्रीनं शेगडी पेटवली. बायकोनं झाकण लावलं आणि वळून विचारलं, "किती शिट्ट्या करायच्या?"

"मावतील तेवढ्या," बघूशेठ म्हणाले.

"त्या नव्हेत हो, कुकरच्या!"

"कुकरच्याही तपासायच्यात का?" मेहुण्यानं आत डोकावून विचारलं.

"तू बाहेर उभा राहा," त्याची बहीण म्हणाली.

काकांनी तीन सांगितल्या, बायकोनं पाच केल्या. शिट्ट्या बाहेर निघाल्या त्या चकचकीत, गरमागरम आणि अगदी सोवळ्या. बघूशेठना इतक्या दिवसांनी जरा बरं वाटलं. दिवसभर कुकर चालू राहिला. सगळी खोकी रिकामी झाली, सगळा माल वाफेतून निघाला, आणि संध्याकाळी मिस्त्रीनं सहज एक शिट्टी उचलून कानाजवळ हलवली.

शिट्टीच्या पोटात बुचाची एक गोळी असते. ती आत थयथय नाचते म्हणून शिट्टी थरथरत वाजते. हलवली की ती खुळखुळते. मिस्त्रीनं हलवली. काही नाही. दुसरी हलवली. तिसरी. मग त्यानं मूठभर शिट्ट्या उचलून दोन्ही कानांपाशी हलवल्या आणि हळूच म्हणाला, "शेठ, मुक्या झाल्या."

वाफेनं गोळ्या फुगून आत घट्ट बसल्या होत्या. हजारो शिट्ट्या, आणि आवाज एकीचाही नाही. बघूशेठनी कपाळाला हात लावला, आणि तो बराच वेळ तिथेच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर चादरी पसरून शिट्ट्या उन्हात वाळत घातल्या. वाळवण राखायला कस्टमकाका काठी घेऊन बसले, कारण उकळण्याचा सल्ला आपला होता हे लोकांनी विसरावं अशी त्यांची इच्छा होती. तरी कावळ्यानं एक पळवलीच. उन्हानं गोळ्या वाळल्या, पण आक्रसून वेड्यावाकड्या झाल्या. शिट्टी हलवली की आतून कुणी तरी खोकल्यासारखा आवाज येई. आता एकच उपाय होता: चिमट्यानं प्रत्येक शिट्टीतली जुनी गोळी काढायची आणि नवी दाबून आत सारायची. गाळ्यात सतरंजी अंथरून सगळे बसले. मिस्त्री, बायको, मेहुणा, काका. मेहुण्यानं पहिल्या दहा मिनिटांत तीन गोळ्या आणि एक बोट चिमट्यात पकडलं. त्यानंतर बराच वेळ त्याच्या तोंडून 'झालंच समजा' ऐकू आलं नाही.

आता प्रश्न उरला वाजवण्याचा. तोंड न लावता. मिस्त्रीनं डोकं लढवलं आणि पलीकडच्या टायरवाल्याकडून हवा भरायच्या कॉम्प्रेसरची नळी ओढून आणली. तिला रबराची टोपी बसवली, टोपीत शिट्टी खोचली आणि कळ दाबली.

तो आवाज शिट्टीचा होता असं म्हणणं म्हणजे शिट्टीवर अन्याय. इतक्या हवेची तिला सवय नव्हती. तिनं जी किंकाळी फोडली, तिनं माळ्यावरची धूळ खाली आली. वरचा टायपिंग क्लास एका अक्षरावर थांबला. मिस्त्रीनं खूश होऊन लगेच दुसरी लावली, मग तिसरी. एकूण एक शिट्टी खणखणीत वाजत होती. बघूशेठच्या जिवात जीव येतच होता, तेवढ्यात गाळ्याच्या दारात वाहतूक पोलीस उभा राहिला. तो घामानं डबडबला होता.

"या चौकातली वाहतूक मी थांबवतो की तुम्ही?" त्यानं विचारलं.

बघूशेठनी बाहेर पाहिलं. चौकात चारही बाजूंच्या गाड्या शिस्तीत थांबल्या होत्या आणि एकमेकींकडे पाहत होत्या. कुणाचीच पुढे जायची हिंमत होत नव्हती.

शेवटी शेजारच्या गादीवाल्याकडून गाद्या आणून दारं-खिडक्या बंद करण्यात आल्या. आत उकाडा असा की पॉलिशवाल्याला घेरी आली. पण काम सुटलं. रोज खोक्यामागून खोकं भरू लागलं. एकही शिट्टी नापास होत नव्हती. आणि इथेच बघूशेठच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं ते शिट्ट्या फुंकत आले होते आणि दर डझनात एखादी तरी हटून बसायची. आताच सगळ्या इतक्या गुणी कशा झाल्या? हे त्यांनी मेहुण्याला बोलून दाखवलं.

"भावोजी, चांगलं झालं तरी तुम्हाला झेपत नाही," तो म्हणाला.

हे खरं असल्यामुळे बघूशेठनी पुढचं खोकं उघडलं.

आणि मग निरोप आला की बाई स्वतः येत आहेत. कुठल्याशा सभेला जाताना वाटेत विमान बदलायचं होतं, तेवढ्या वेळात त्या कारखाना पाहणार होत्या. बघूशेठच्या मनात पहिला विचार आला तो इमारतीच्या फोटोचा. दुसरा, आजारी पडावं असा.

बाई आल्या. साठीच्या, ठेंगण्या, पाठीवर पिशवी, बुटांना कुठल्या तरी डोंगराचा चिखल वाळून चिकटलेला. शाळा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यांसारखी त्यांची नजर होती. तीन मजली इमारत त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिली, मग गाळ्यात शिरल्या आणि विचारलं, बाकीचा कारखाना कुठे आहे? हे अर्थात इंग्रजीत. मेहुण्यानं उत्तर दिलं की सध्या या भागावर लक्ष केंद्रित केलेलं आहे.

मिस्त्रीनं कॉम्प्रेसर चालवून दाखवला. बाईंनी कानात बोटं घातली, मान डोलावली. मग त्यांनी खोक्यातून एक शिट्टी उचलली आणि बाहेरच्या जिन्याकडे गेल्या. त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. सगळे तोंडाचा आ वासून पाहत राहिले. खाली आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. उरलेल्या श्वासानं त्यांनी शिट्टी फुंकली.

फुस्स.

दुसरी घेतली. फुस्स. तिसरी कशीबशी कुरकुरली.

"वय झालंय बाईंचं," मेहुणा मराठीत पुटपुटला.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. "तुमचे नमुने मी डोंगर चढून गेल्यावर फुंकले होते," त्या म्हणाल्या. "सगळे वाजले. म्हणून तर तुमच्याकडे आले. हरवलेलं मूल दमलेलं असतं, रडून रडून त्याचा श्वास संपलेला असतो. या तुमच्या मशीनची छाती सिंहाची आहे, माझ्या मुलांची नाही. नमुने कुठल्या मशीनवर तपासले होते?"

"याच्याहून आधुनिक—" मेहुण्यानं सुरुवात केली.

"मी," बघूशेठ म्हणाले. "तोंडानं."

 बघूशेठना वाटलं, संपलं. आता बोलायचंच आहे तर सगळंच बोलू. आणि ज्यांनी जन्मात कधी तीन शब्दांपुढे इंग्रजी नेलं नव्हतं, ते बघूशेठ बोलू लागले. हळू फुंकणं, जोरात फुंकणं, करारातलं कलम, कुकर, पाच शिट्ट्या, फुगलेल्या गोळ्या, कावळा. व्याकरणाचा चेंदामेंदा झाला, पण गाडं कुठे अडलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "तुम्ही ते तोंडाचं का लिहिलंत?"

"आधीच्या व्यापाऱ्याच्या शिट्ट्यांना तंबाखूचा वास यायचा," बाई म्हणाल्या. "ते कलम तसंच राहील. मुलांचा प्रश्न आहे."

"राहू दे," बघूशेठ म्हणाले. "माल तुमच्या मनासारखा मिळेल. मशीनची छाती कमी करतो."

"किती?"

 बघूशेठनी चप्पल काढली, पँट दुमडली, आणि तेही जिना चढू लागले. खाली-वर, खाली-वर. टायपिंग क्लासच्या मुली दारात गोळा झाल्या. कस्टमकाका कठड्यावरून "घाई नको, घाई नको" असं ओरडत राहिले. बघूशेठ खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि डोळे पांढरे. मिस्त्रीनं त्यांच्या तोंडाशी नळी धरली, नळीचं दुसरं टोक हवेचा दाब दाखवणाऱ्या काट्याला लावलं. बघूशेठनी होता नव्हता तो श्वास सोडला. काटा जेमतेम हलला. मिस्त्रीनं तिथे लाल रेघ मारली आणि कॉम्प्रेसरची तोटी बरोबर तेवढीच उघडली.

कारखान्यातल्या सर्व यंत्रांचं माप यापुढे मालकाचा अपुरा दम हे असणार, हे सगळ्यांना कळलं. बघूशेठना ते अपमानास्पद वाटायला हवं होतं. पण ते इतके धापत होते की त्यांना काहीच वाटलं नाही.

त्या रेघेवर पहिल्या खोक्यातल्या निम्म्याहून जास्त शिट्ट्या नापास झाल्या.

"ठरलेल्या तारखेला माल मिळेल?" बाईंनी विचारलं.

"झालंच सम—" मेहुणा म्हणाला.

"नाही," बघूशेठ म्हणाले.

मेहुणा, मिस्त्री, बायको, सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. स्वतः बघूशेठनीही इकडेतिकडे पाहिलं, हे कोण बोललं म्हणून.

"निम्म्या मिळतील," ते म्हणाले. "बाकीच्या वाजतील तेव्हा. आधी नाही."

 बाईंनी उठून पिशवी पाठीवर टाकली, हात पुढे केला. "धुकं उतरायच्या आत पहिल्या निम्म्या पाठवा," असं म्हणून त्या विमानतळाकडे गेल्या. त्या गेल्यावर बघूशेठ तिथल्याच पायरीवर बसले आणि दिवे लागेपर्यंत उठले नाहीत. ते जिन्यामुळे की धाडसामुळे, यावर घरात मतभेद आहेत.

माल गेला. पुढचे दिवस कसे काढले हे बघूशेठनाच माहीत. बोटीत पाणी शिरलं असेल, गोळ्या पुन्हा फुगल्या असतील, तिकडच्या कचेरीत कुणी तरी सूर विचारत असेल. टेलिफोन वाजला की ते दचकत, आणि वाजला नाही की जास्तच. मेहुण्याला आता फोनवर बोलताना त्यांच्याकडे पाहायची सवय लागली होती. गिऱ्हाइकानं तारीख विचारली की तो हातानं फोन झाकून म्हणे, "भावोजी, काय सांगू?" यामुळे विक्री कमी झाली नाही. तक्रारी मात्र कमी झाल्या.

मग एके दिवशी बाईंनी मोबाइलवर एक लहानसं चित्रीकरण पाठवलं. उतारावरचं एक मैदान, चारी बाजूंनी पांढरं धुकं, आणि रांगेत उभी असलेली टोपड्यातली मुलं. कुणी तरी हात खाली केला, आणि सगळ्यांनी एकदम शिट्ट्या फुंकल्या. धुक्यापलीकडून प्रतिध्वनी आला. मिस्त्रीनं डोळे पुसले आणि पॉलिशची पूड गेली असं सांगितलं. बायकोनं पुन्हा लावायला सांगितलं. मेहुणा ते लगेच वेबसाइटवर टाकायला निघाला.

"थांबा," बघूशेठ म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ती दुसऱ्या रांगेतली. निळ्या टोपीची. तिची वाजत नाहीये."

सगळ्यांनी मोबाइलवर डोकी घातली. निळ्या टोपीच्या मुलीनं शिट्टी ओठांना लावली होती, पण तिचे गाल फुगलेले नव्हते. मेहुणा म्हणाला, एवढ्या गदारोळात एका शिट्टीचं काय घेऊन बसलात? पण बघूशेठना जेवण जाईना. धुक्यात हरवलेल्या पोराला इतके दिवस चेहरा नव्हता. आता त्याला निळी टोपी आली. कस्टमकाकांनी कान लावून ऐकलं आणि वाजते असं सांगितलं, पण त्यांना दारावरची घंटाही ऐकू येत नसे. शेवटी बायकोनं बाईंना कळवलं: दुसऱ्या रांगेतल्या निळ्या टोपीच्या मुलीची शिट्टी बिघडली आहे का? आमचे हे काळजीत आहेत.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ते बायकोनं मोठ्यानं वाचलं.

"शिट्टी उत्तम आहे. मी स्वतः वाजवून घेतली. ही मुलगी ती वाजवतच नाही. म्हणते, आत्ताच वाजवून वाजवून संपली, आणि मग मी खरंच हरवले तर काय करू? आम्ही सगळ्यांनी समजावलं की शिट्टी संपत नसते. तिला पटत नाही."

बघूशेठनी मोबाइल हातात घेतला. निळ्या टोपीच्या त्या मुलीकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. तिनं शिट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि भोवती सगळे फुंकत असताना ती सगळ्यांकडे काळजीनं पाहत होती. जगाच्या त्या टोकाला, ज्याचं नावही त्यांना धड उच्चारता येत नव्हतं, आपल्याला इतकं जवळचं कुणी असेल असं बघूशेठना कधी वाटलं नव्हतं.

"पोरगी शहाणी आहे," ते म्हणाले. "तिला एक जादा पाठवू. नुसती वाजवायला."

"पाठवा की," बायको म्हणाली.

ते खोक्यापाशी गेले, एक शिट्टी निवडली, लाल रेघेवर लावली, ऐकली. पुडीत बांधता बांधता त्यांचा हात थांबला. मग ते परत खोक्याशी वाकले.

"एक नको," ते म्हणाले. "दोन पाठवू. एखादी हरवली तर?"